डार्टमूरच्या ओढ्यावर ट्राउट का मिळत नाहीत: फ्लायच्या आधी पावलांचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही पुण्याहून इंग्लंडमधल्या एक्झिटरला आलात. लहानपणी भाटघरच्या पाण्यावर कणकेच्या गोळ्या लावून मासे धरलेत, म्हणजे गळ हाताला नवा नाही. इथे आल्यावर एका तलावावर फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली माशीने (फ्लायने) मासेमारी, शिकलात, तिथे रेनबो ट्राउट मिळतात. पण एक्झिटरजवळच्या डार्टमूर या उघड्या, डोंगराळ रानातल्या छोट्या ओढ्यांवर चार शनिवार घालवूनही एक मासा हाती लागला नाही. "मासे दिसतात, पण पळतानाच दिसतात," असं तुम्ही लिहिलंय. विचारलेल्या गोष्टी तीन: कोणती फ्लाय वापरू, ९ फुटी रॉड आणि ६ नंबरची लाइन चालेल का, आणि ११ वर्षांची मुलगी बरोबर यायचं म्हणते, तिच्यासाठी काय लागेल.

फ्लायचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, म्हणून ते नंतर देते. तुमची अडचण ती नाहीच. मासे पळताना दिसतात, म्हणजे तुमची फ्लाय पाण्यावर पडायच्या आधीच सगळं आटोपलेलं असतं. त्या माशाने तुमची फ्लाय नाकारलेली नाही. त्याने ती पाहिलीच नाही, त्याने तुम्हाला पाहिलं.

भाटघरला आपण काठावर बैठक मारतो, गळ टाकतो आणि मासा आमिषाच्या वासाने आपल्याकडे यायची वाट बघतो. या ओढ्यांवर सगळं उलटं. मासा एका जागी उभा असतो, तोंड प्रवाहाकडे करून, आणि पाणी त्याच्यापुढे खाणं आणून देत असतं. तो कुठेही जात नाही, जायचं आपल्याला असतं. त्याला पत्ता न लागता त्याच्यापासून चार-पाच मीटरवर पोचणं, हीच इथली खरी विद्या. बाकीचं एखाद्या दुपारी शिकता येतं. मी सतरा हंगाम डार्टमूरवर फिरते आहे, आणि आजही रिकाम्या हाताने परतले तर दहातल्या नऊ वेळा कारण माझ्या चालण्यातच सापडतं.

आधी एक करा. रॉड घरी ठेवून पोस्टब्रिजला जा. तिथे ईस्ट डार्ट नदीवर दगडी फरशांचा जुना क्लॅपर पूल आहे आणि त्याच्या शेजारी रस्त्याचा पूल. रस्त्याच्या पुलाच्या कठड्यामागून फक्त डोकं वर काढून खाली बघा, आणि पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा, चष्मा विसरू नका. पहिली दोन मिनिटं नुसते दगड दिसतील. मग एक दगड शेपूट हलवेल. मग दुसरा. डोळा सरावला की पाच-सहा ट्राउट दिसायला लागतात, प्रत्येक आपापल्या जागी, मधूनच एक बोटभर वर येऊन काहीतरी टिपणारा. आता मुलीला सांगा, काठाकाठाने नेहमीसारखी चालत ये. ती अजून आठ-दहा मीटर लांब असतानाच मासे एकेक करून नाहीसे होतील. पाणी तसंच वाहत राहील, जणू तिथे कधी काही नव्हतंच. चार शनिवार तुम्ही त्या रिकाम्या पाण्यात फ्लाय टाकत होतात.

यामागचं गणित साधं आहे. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका वर्तुळातून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून हा साधारण ९७ अंशांचा शंकू तयार होतो आणि त्या वर्तुळाचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर वर्तुळ ६८ सेंटिमीटरचं. त्याच्या कडेला क्षितिजालगतच्या वस्तू अतिशय चेपलेल्या आणि अंधुक दिसतात. पाण्याच्या पातळीपासून १० अंशांच्या खाली जे काही आहे, ते माशाला जवळपास दिसतच नाही असं धरून चालायला हरकत नाही. म्हणजे १० मीटरवर तुम्ही पावणेदोन मीटरपर्यंत सुरक्षित. ५ मीटरवर मात्र ९० सेंटिमीटरच्या वर जे दिसेल ते त्याला दिसलं. आता तुम्ही अर्धा मीटर उंच काठावर उभे आहात आणि वर तुमची स्वतःची उंची आहे, हे लक्षात घ्या. डार्टमूर म्हणजे आपल्या कोकणातल्या सड्यासारखं उघडं रान. मागे झाड नाही, झुडूप नाही, पाठीशी थेट आभाळ. त्यात हात वर करून रॉड हलवणारा माणूस माशाला केवढा दिसत असेल!

म्हणून खाली या. काठावरून नव्हे, ओढ्यात उतरून, खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने चाला. माशाचं तोंड वरच्या बाजूला असतं आणि नेमका शेपटामागचा अरुंद पट्टा त्याला दिसत नाही. तुम्ही तिकडून येता. हे काही मी शोधलेलं नाही. स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या लहान नद्यांवर मासेमारी करणारे एडिंबराचे डब्ल्यू. सी. स्टुअर्ट १८५७ सालीच हे पोटतिडकीने सांगत होते, आणि त्यांच्या काळात बहुतेक लोक वरून खाली मासेमारी करायचे. पाण्यात उतरलात की तुमची उंची आपोआप दोन-तीन फुटांनी कमी होते, काठ तुमच्या मागे येतो आणि तुम्ही आभाळासमोर न राहता गवतासमोर येता. फेकायच्या वेळी एक गुडघा टेका. माझ्या वेडर्सचे, म्हणजे पाण्यात घालायच्या जलरोधक विजारीचे, गुडघे तळव्यांच्या आधी फाटतात.

पाऊल टाकताना आधी चवडा, मग टाच, आणि दगडावर दगड आपटू द्यायचा नाही. इथले काठ पीटचे आहेत, म्हणजे हजारो वर्षं कुजत आणि दबत साचलेल्या काळ्या, ओल्या मातीचे. त्यावर धपधप चाललं तर हादरा थेट पाण्यात उतरतो आणि मासा तो अंगावरच्या, कंपनं जाणवणाऱ्या रेषेने टिपतो. बोलण्याने फारसं बिघडत नाही, हवेतला आवाज पाण्यात फार कमी उतरतो. तेव्हा मुलीशी गप्पा मारा, पण पाय जपा. सूर्य पाठीशी असेल तर सावली पुढे पडते, ती डोहावर पडू देऊ नका. कपडे काळपट हिरवे किंवा मातकट, आणि घड्याळाची चकाकी बाहीत.

आता एक डोह जवळून दाखवते. टू ब्रिजेसहून पोस्टब्रिजला जाताना बी ३२१२ हा रस्ता चेरी ब्रुक नावाच्या ओढ्यावरून जातो. जवळच पावडर मिल्सचे अवशेष आहेत, १८४४ साली सुरू झालेला बंदुकीच्या दारूचा कारखाना. ओढा इतका अरुंद की कित्येक ठिकाणी उडी मारून ओलांडावा. गवतातून नागमोडी वाहतो, आणि प्रत्येक वळणावर बाहेरचा काठ पाण्याने आतून पोखरलेला. तिथे एक डोह आहे, लांबी जेमतेम माझ्या बैठकीच्या खोलीएवढी. वरच्या टोकाला दोन दगडांमधून पाणी आत पडतं, मध्ये ते कमरेएवढं खोल होतं, आणि खालच्या टोकाला वीतभर पातळ होऊन पुढच्या खळाळात घुसतं.

नवा माणूस सरळ मधल्या खोल पाण्याकडे बघतो. मीही दोन हंगाम तेच केलं. पण पहिला मासा उभा असतो खालच्या टोकाला, त्या वीतभर पाण्यात, जिथे डोहातून वाहून आलेलं सगळं एका अरुंद जागेतून बाहेर पडतं. तो लहान असतो, बहुधा हाताच्या पंजाएवढा, आणि त्याला दुखावणं फार महागात पडतं. घाबरला की तो वर पळतो, थेट डोहाच्या पोटात, आणि त्याच्या धावण्याने आतले सगळे दगडांखाली जातात. मग अर्धा तास तिथे थांबून उपयोग नाही. गेल्या मे महिन्यात मी त्या डोहाच्या खाली सहा मीटरवर गुडघ्यावर बसले आणि आधी या दारावरच्या माशाला फ्लाय दिली. तो आला. त्याला वर जाऊ न देता खाली माझ्याकडे ओढून घेतलं आणि माझ्या मागे सोडून दिलं. मग दोन पावलं पुढे. पोखरलेल्या काठालगत, काठापासून चार बोटांवर एक फेक, तिथे दुसरा. मग मुख्य धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात त्या रेषेवर, जिथे फेसाचे बुडबुडे रांगेने वाहतात, तिथे तिसरा. आणि शेवटी वरच्या धबधब्याच्या पांढऱ्या पाण्याच्या कडेला त्या डोहातला सगळ्यात मोठा, २३ सेंटिमीटरचा. चार मासे, वीस मिनिटं. उभी राहून चालत गेले असते तर शून्य.

म्हणजे क्रम लक्षात ठेवा: खालचं दार, कडा, बुडबुड्यांची रेषा, वरचं तोंड. बुडबुड्यांची रेषा मी मुद्दाम सांगते, कारण वाहतं पाणी फेस जिथे नेतं तिथेच मेलेल्या माश्याही नेतं. ओढा सरळ आणि खडकाळ असेल, डोह नसतीलच, तर प्रत्येक मोठा दगड बघा. दगडाच्या मागे संथ पाणी असतं, तिथे सगळेच टाकतात. पण दगडाच्या पुढे, जिथे प्रवाह आपटून मंदावतो, तिथेही एक उशीसारखी जागा असते आणि चांगला मासा पुष्कळदा तिथे सापडतो. एका जागी दोन-तीन नीट फेका, मग पुढे चला. पहिल्या फेकीला आला नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला येण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. दिवसभरात एक-दीड किलोमीटर ओढा पालथा घालायचा असतो. भाटघरची सवय इथे मोडावी लागेल.

फेक लहान ठेवा. तलावावर तुम्ही वीस मीटर लाइन काढायला शिकलात. इथे रॉडच्या टोकाबाहेर लाइन फार तर दीड-दोन मीटर, आणि पुढे लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक होत जाणारा पारदर्शक दोरा. लांब फेकलंत तर एक नवं संकट उभं राहतं. ओढ्यात पाण्याचे तीन-चार वेग शेजारी शेजारी असतात. फ्लाय संथ पट्ट्यात पडली आणि लाइन मधल्या वेगवान धारेत, तर धार लाइन ओढते आणि लाइन फ्लायला ओढते. फ्लायच्या मागे बारीक व्ही आकाराची रेघ उमटते. खऱ्या माशीच्या मागे सहसा अशी रेघ नसते, आणि हे ट्राउटला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. उपाय एकच: जवळ जा, रॉड उंच धरा, लाइन पाण्यावर टेकूच देऊ नका. फक्त लीडरचं शेवटचं हातभर टोक आणि फ्लाय पाण्यावर. फ्लाय तुमच्याकडे वाहत येईल तशी डाव्या हाताने ढिली लाइन ओढत राहा, नाहीतर मासा आल्यावर हातात नुसता झोल असेल.

आणि मासा आल्यावर हिसका नको. तलावातला रेनबो सावकाश तोंड मिटतो. इथला ट्राउट फ्लाय तोंडात घेऊन अर्ध्या सेकंदात थुंकतो, त्यामुळे मनगट लगेच उचलावं लागतं, पण उचलायचं फक्त मनगट. दंडाने ओढलंत तर पंधरा सेंटिमीटरचा मासा तुमच्या डोक्यावरून मागच्या गवतात जाईल, आणि त्याला ती शिक्षा व्हायचं काही कारण नाही.

रॉडबद्दल. ९ फुटी लांबी अडचणीची नाही, डार्टमूरच्या उघड्या भागात झाडं नसल्याने लांब रॉड उलट लाइन पाण्यावरून उचलून धरायला मदतच करतो. अडचण ६ नंबरच्या लाइनची आहे. ती जड असते, आणि दोन मीटर बाहेर असताना रॉड वाकतच नाही, म्हणून फेकीत जोर येत नाही. शिवाय पाण्यावर पडते ती ओल्या दोरखंडासारखी. साडेसात ते आठ फुटी रॉड आणि ३ नंबरची लाइन घ्या. जुना घ्या, महागाचा नको. लीडर रॉडच्या लांबीइतका किंवा थोडा कमी, टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचं शेवटचं बारीक टोक, ०.१२ ते ०.१४ मिलिमीटर. रीळ फक्त लाइन गुंडाळून ठेवायला. झाडीतून उतरणाऱ्या दऱ्यांमध्ये, ईस्ट आणि वेस्ट डार्ट जिथे मिळतात त्या डार्टमीटच्या खाली वगैरे, सहा-सात फुटी बरा पडतो, पण तो नंतरचा विषय.

आता फ्लाय. डार्टमूर ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइट पाण्याला चुना देत नाही आणि वरून पीट आम्लता घालतं, त्यामुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आम्लधर्मी आणि अन्नाच्या दृष्टीने गरीब. हॅम्पशरच्या टेस्ट आणि इचेन या चुनखडीतल्या नद्यांशी तुलना केली तर हा दुष्काळी प्रदेश आहे. तिथले ट्राउट पोटभर खाऊन मोठे होतात आणि एकाच जातीच्या माशीवर अडून बसू शकतात. इथल्या माशाला ती चैन नाही. समोरून वाहत गेलेला घास खायचा की सोडायचा हे त्याला क्षणात ठरवावं लागतं, आणि शंका आली नाही तर तो खातोच. म्हणूनच म्हणते, फ्लायच्या डब्यात वेळ घालवू नका. शंका फ्लायमुळे नाही, तुमच्यामुळे येते.

माझ्या डब्यात हंगामभर मुख्यतः चार असतात (गळाचा नंबर मोठा, तशी फ्लाय लहान). १६ नंबरची अ‍ॅडम्स, पाण्यावर येऊन टिपणाऱ्या माशांसाठी. १६ नंबरचीच क्लिंकहॅमर, जिचं पोट पाण्यात लोंबतं आणि वरचा पांढरा तुरा खळाळातही मला दिसतो. काळ्या फोमचा भुंगेरा, कारण इथल्या ट्राउटच्या जेवणातला मोठा वाटा पाण्यातला नसतोच, तो काठावरच्या गवतातून वाऱ्याने पाण्यात पडतो. आणि फेझंट टेल निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी दिसणारी, बुडणारी फ्लाय, थंड दिवसांत खोल पाण्यात टाकायला. ही विल्टशरच्या एव्हन नदीवर नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांची. त्यांनी ती दोऱ्याऐवजी बारीक तांब्याच्या तारेने बांधली, म्हणजे बांधणीतच वजन आलं. एप्रिलअखेरीस आणि मेमध्ये लांब पाय खाली सोडून उडणाऱ्या काळ्या हॉथॉर्न माश्या दिसल्या तर काळी फ्लाय लावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लांब तंगड्यांची क्रेन फ्लाय, जिला इथले लोक डॅडी लाँगलेग्ज म्हणतात, ती वाऱ्याबरोबर पाण्यावर आपटते. त्या दिवसांत मोठे मासेही निष्काळजी होतात. सगळ्या गळांच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून घ्या.

पाण्याबद्दल सांगण्यासारखं जास्त आहे, कारण तुम्ही शनिवार बघून गेलात, पाऊस बघून नाही. प्रिन्सटाउनला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पीट तो काही काळ धरतं आणि मग ओढे एकदम फुगतात, काही तासांत चढतात आणि उतरतातही. चढत्या, गढूळ पाण्यात जाऊ नका, काही मिळत नाही आणि धोका असतो. पण पाणी उतरायला लागलं, रंग काळ्या काढ्याचा होता तो फिक्या चहाचा झाला, तळाचे दगड गुडघाभर पाण्यात अंधुक दिसायला लागले, की कामावरून लवकर सुटता आलं तर सुटा. त्या पाच-सहा तासांत मासे खायला बाहेर पडलेले असतात आणि पाण्याचा रंग तुम्हाला लपवतो. वाऱ्याच्या बाबतीतही तसंच. लोक वाऱ्याला कंटाळतात, मला हलका वारा हवाच असतो. पाण्यावर उठलेल्या सुरकुत्यांनी माशाची ती वर बघायची वर्तुळाकार खिडकी मोडते.

हंगाम १५ मार्च ते ३० सप्टेंबर. मार्चमध्ये पाणी ६-७ अंशांवर असतं, तेव्हा अकरा ते तीनच्या मधेच काय ते, आणि निम्फने. एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, हा माझ्या मते डार्टमूरवरचा सगळ्यात चांगला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी आटलं आणि थर्मामीटर १९ अंश दाखवायला लागला, तर रॉड बांधून ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. अशा वेळी लढवून सोडलेला मासा पोहत जाताना दिसतो आणि नंतर मरतो. छोटा थर्मामीटर खिशात ठेवा, तो फ्लायच्या डब्याइतकाच गरजेचा आहे. आणि हंगामाच्या सुरुवातीला स्वच्छ, सैल खडीवरून चालू नका. ट्राउट शरद ऋतूच्या शेवटी त्या खडीत अंडी घालतात आणि पिल्लं वसंतापर्यंत तिथेच असतात. बूट पडला की किती गेली ते तुम्हाला कळणारही नाही.

माशाच्या आकाराबद्दल आताच मन तयार करा. इथे १५ ते २० सेंटिमीटरचा मासा हा नेहमीचा मासा, २५ चा मिळाला तर आठवडाभर आठवण राहते. अन्न कमी आणि पाणी थंड, त्यामुळे चार वर्षांचा मासाही वीतभरच असू शकतो. हा जंगली ब्राउन ट्राउट आहे, कुणी आणून सोडलेला नाही. (काश्मीरच्या नद्यांमधला ब्राउन ट्राउट याच जातीचा. त्याची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून गेली.) पाठ शेवाळी, पोट लोण्याच्या रंगाचं, अंगावर काळे ठिपके आणि त्यांत मिसळलेले लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकं कडं. एकाच ओढ्यातल्या दोन माशांचे ठिपके सारखे नसतात. हात आधी ओला करा, मासा शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका, फ्लाय सोडवा आणि तोंड प्रवाहाकडे करून स्वतःहून जाईपर्यंत धरा. मी एकही घरी आणत नाही. जो मासा चार हिवाळे काढून वीतभर झाला, तो एका घासासाठी मारणं मला पटत नाही.

एक मात्र ओळखायला शिका. याच ओढ्यांत सॅमनची पिल्लंही असतात, आकाराने तेवढीच, आणि फ्लायवर त्याच हावरेपणाने येतात. सॅमनच्या पिल्लाची शेपटी खोल दुभंगलेली, छातीचे पर मोठे, अंग निमुळतं. ट्राउटच्या पाठीवर शेपटीजवळ जो छोटा मांसल पर असतो, त्याला नारिंगी-लाल कड असते, सॅमनच्या पिल्लाला ती नसते. ट्राउटचं तोंडही मोठं, जबडा डोळ्याच्या मागे जातो. सॅमनचं पिल्लू लागलं तर पाण्यातच सोडवायचं आणि ती जागा सोडून पुढे जायचं. एका खळाळात लागोपाठ तीन पिल्लं आली तर मी तो खळाळ ओलांडते.

परवान्यांचा गोंधळ होतो, म्हणून सांगते. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा रॉड लायसन्स, तो इंग्लंडमध्ये कुठेही गेलात तरी हवा. दोन, त्या पाण्याच्या मालकाची परवानगी. ईस्ट डार्ट, वेस्ट डार्ट आणि चेरी ब्रुकसारखे त्यांचे वरचे ओढे यांच्यासाठी डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीचं परमिट मिळतं, दिवसाचं किंवा हंगामाचं. त्यावरचे नियम वाचा. डार्टमूरच्या उत्तर भागात लष्कराच्या गोळीबाराची मैदानं आहेत, लाल निशाण वर असेल तर आत जायचं नाही. धुकं दहा मिनिटांत उतरतं, फोनला रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र. अति हिरवंगार, सपाट दिसणारं गवत म्हणजे बहुधा दलदल. घरी आल्यावर अंगावर गोचीड बघा, विशेषतः गुडघ्यामागे. आणि तुम्ही तलावावर जाता तेच बूट, तीच जाळी घेऊन ओढ्यावर येऊ नका. तपासा, धुवा, पूर्ण वाळवा, मग या. परके जीव आणि माशांचे रोग ओल्या बुटांतूनच पसरतात.

आता मुलगी. तेरा वर्षांखालच्यांना रॉड लायसन्स लागत नाही. पाण्याच्या मालकाचे मुलांसाठीचे नियम परमिट काढताना विचारून घ्या. तिला रीळवाला रॉड देऊ नका. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर तेनकारा नावाची पद्धत आहे: लांब, हलकी काठी, रीळ नाही, लाइन काठीच्या टोकालाच बांधलेली. आपल्याकडे बांबूच्या काठीला दोरी बांधून पोरं ओढ्यावर बसतात, रचना तीच, फक्त पुढे फ्लाय. लाइन आपोआप पाण्यावरून उचललेली राहते, त्यामुळे जे तुम्हाला शिकायला महिना लागेल ते तिला पहिल्या तासात येईल. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्याला टोपी हवीच. तिची उंची कमी आहे, वजन कमी आहे, तेव्हा प्रत्येक डोहावर तिला पुढे ठेवा आणि तुम्ही तिच्या मागे, तिच्याहून खाली वाकून. पहिल्यांदा ईस्ट डार्टला नेऊ नका, दगड निसरडे आहेत आणि धार जोरात. चेरी ब्रुक तिच्या मापाचा आहे. जाताना पोस्टब्रिजच्या पुलावर दहा मिनिटं थांबा आणि तिला मासे मोजायला लावा. तिला तीन दिसले की मग ओढ्याकडे निघा, आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड गाडीत असू द्या.